पिस्ता रंगाची जोडी

ड्रायरचा ड्रम जेवणाच्या टेबलावर आला, त्या दिवसापासून मॅडमनी घरात ओरडणं सोडून दिलं. ओरडून काही होत नाही, उलट आपलाच घसा बसतो, हे त्यांना तोवर कळून चुकलं होतं. त्यांनी ताट उचललं आणि ओट्याशी उभ्या राहून, भिंतीकडे तोंड करून जेवल्या.

"दोनच दिवस," टेबलाच्या पलीकडून नवऱ्याचा आवाज आला. ड्रमच्या आत डोकं असल्यामुळे तो विहिरीतून आल्यासारखा वाटत होता.

नवऱ्याचे दोन दिवस म्हणजे काय, ते मॅडमना लग्नापासून ठाऊक होतं.

मॅडम म्हणजे शाळेतल्या नव्हेत. त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून दिवसभर जीव मुठीत धरायचा, असं ते काम. त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना मॅडम म्हणे आणि मस्का लावायचा असला की नवराही म्हणे. नवरा दातांचा कारागीर होता. दातांचे डॉक्टर माप पाठवत आणि हा पुढच्या खोलीत दिवा लावून कवळ्या बनवत बसे. कुणाच्या तरी तोंडात पार मागे जाणारी, जन्मात कुणाला न दिसणारी दाढसुद्धा तो अशी घासूनपुसून द्यायचा, जणू ती प्रदर्शनात मांडायची आहे. असल्या माणसाच्या हातात जुनं वॉशिंग मशीन दिलं तर काय होणार, हे देण्याआधीच सुचायला हवं होतं. पण देणं भाग होतं, कारण गोष्ट सासूबाईंची होती.

सासूबाईंच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग आला होता आणि तो वाढत चालला होता. कडेकडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. "तुझे कान दिसतात मला, तोंड दिसत नाही," त्या मॅडमना म्हणत. "एका अर्थी बरंच आहे." संध्याकाळी दोघी पत्ते खेळत. सासूबाई पान डोळ्यांच्या पार कडेला नेऊन, कोंबडीसारखी मान वाकडी करून बघत आणि तरीही जिंकत. मॅडम दिवसभर परक्या माणसांच्या चुका सोसून घरी येत, त्या खरं तर ह्या पत्त्यांसाठी. नवरा चांगला होता, पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे दातांबद्दल बोलायचं.

तर सासूबाईंचं एक होतं. आपले कपडे त्या आपणच धुवत. अलीकडे कधी कधी रात्री अंथरूण ओलं व्हायचं. त्याबद्दल घरात कुणी बोललेलं नव्हतं आणि सासूबाईंना कुणी बोलायला नको होतं. सकाळी त्या आपलं गाठोडं आपण नेत, आपण धूत. दोरीवर वाळत घालणंही त्यांना नको असे. दोरीवर घातलं की चार माणसांना कळतं, रोज चादर कशाला धुतात म्हणून.

घरातलं नवं मशीन मात्र काचेच्या तोंडाचं होतं. बटणं नावालाच, नुसती चित्रं. बोट टेकलं की लागलीच हुकूम मानणार. मॅडमनी त्यावर उंचवट्याचे ठिपके चिकटवून पाहिले. पण सासूबाई ठिपका शोधायला बोटं फिरवत, आणि फिरवता फिरवताच मशीन सुरू होई, थांबे, कुलूप लावून घेई. एकदा ते पाण्यासकट आणि चादरीसकट कुलूप लावून बसलं. मॅडमनी धावत जाऊन ते उघडलं, चादर बाहेर काढली, पुन्हा नीट लावून दिली आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. न बोलणं म्हणजे शहाणपणा, असं त्यांना वाटलं.

त्या संध्याकाळी सासूबाई पत्ते खेळल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाल्या, "वृद्ध निवासात एक खोली रिकामी झालीय. मी विचारून ठेवलंय. महिनाअखेरपर्यंत थांबतील ते."

"का पण?" नवरा म्हणाला.

"तिथं पगारी माणसं कपडे धुतात. पगारी माणसांची मला लाज वाटत नाही."

नवरा कपाकडे बघत राहिला. मॅडमनी हातातला पाव खाली ठेवला. मग सासूबाईच म्हणाल्या, "नाहीतर माझी जुनी जोडी चालू करून द्या. ती माझ्या हाताला कळते."

जुनी जोडी मागच्या खोलीत होती. रंगाचे डबे, फाटक्या खुर्च्या आणि एक मुडदूस झालेली सायकल ह्यांच्या आड ती पिस्ता रंगाची दोन मशीनं शेजारी शेजारी उभी होती, एक धुणारं आणि एक वाळवणारं. उंची एक, कपाळावरची चकचकीत पट्टी एक, दोघांच्या पुढ्यात दुधी रंगाचा मोठा गोल डायल. डायल फिरवला की कट् कट् वाजे, बाहेर ओढला की मशीन चालू, आत दाबला की बंद. इतकं सोपं काम होतं. सासूबाईंनी ती जोडी नोकरीला लागल्यावर घेतली होती आणि नवऱ्याच्या लहानपणचे सगळे कपडे त्यातूनच निघाले होते.

"दोन दिवसांत करतो," नवरा म्हणाला, आणि तिथून मॅडमच्या नाकी नऊ यायला सुरुवात झाली.

धुणाऱ्या मशीनचं बेअरिंग गेलं होतं, पंप गंजला होता, रबरं दगड झाली होती. ड्रायरचा पट्टा तुटला होता आणि आतल्या वायरी उंदरांनी चवीनं खाल्ल्या होत्या. हे सगळं एखाद्या साध्या मेकॅनिकनं बदललं असतं आणि झाकण लावून टाकलं असतं. नवऱ्यानं आधी प्रत्येक स्क्रू काढला. मग प्रत्येक स्क्रूचा गंज काढला. मग सारे स्क्रू कवळ्या ठेवायच्या छोट्या डब्यांमध्ये लावून ठेवले आणि त्यांतला एक डबा चुकून दातांच्या डॉक्टरांकडे गेला. त्या डॉक्टरांचा फोन मॅडमनीच घेतला. पेशंट खुर्चीत बसलाय आणि डब्यात चार स्क्रू निघालेत, हे ऐकून त्याच खरी कवळी घेऊन धावल्या.

पंपाचं नळकांडं अंघोळीच्या बादलीत भिजत होतं. पत्रे दिवाणावर वाळत होते. घरभर गंजाचा आणि रंगाचा वास. मॅडमच्या गाडीत बसलेल्या शिकाऊ बाईनं विचारलंसुद्धा, "मॅडम, तुमच्याकडे रंगकाम काढलंय का?" मॅडमनी उत्तर न देता ब्रेक दाबला.

"अहो, चालू होण्याशी मतलब आहे," त्या घरी येऊन म्हणाल्या. "महिना संपत आला. आत कोण बघायला जाणार आहे?"

"आतलंच तर खरं काम असतं," नवरा म्हणाला.

"आई निवासातली खोली घेऊन टाकतील. म्हणजे आई जातील!"

"म्हणून तर नीट करतोय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यातल्या त्यात राग ह्याचा, की तो खरंच म्हणत होता. आईनं घर सोडू नये म्हणून तो जिवाचं रान करत होता आणि त्याला रान करायची हीच एक रीत येत होती.

शेवटी मॅडमच मैदानात उतरल्या. "मला द्या काहीतरी. काय उरलंय ते सांगा."

नवऱ्यानं दोन्ही मशीनांच्या पुढच्या पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. डायल काढून घेतलेल्या, मळकट, चिकट. "एकही डाग राहता कामा नये," तो म्हणाला. मॅडमना संताप आला, पण त्या बसल्या. साबणानं घासलं, सोड्यानं घासलं. मळ गेला, तरी डायलच्या भोकाभोवती काही कडक थेंब उरलेच. एक इथं, दोन तिथं, तीन आणखी पलीकडे. मळकट तांबडे, टणक, नखानं न निघणारे. कुणीतरी रंगकाम करताना उडवले असतील. मॅडमनी नेलपेंट पुसायची बाटली आणली, कापसानं भिजवून भिजवून थेंब मऊ केले आणि फुटपट्टीच्या कडेनं खरवडून काढले. पत्रा असा गुळगुळीत झाला की त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. नवऱ्यानं पट्टी उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही कवळ्या करायला हव्या होत्या." त्याच्याकडून ह्याहून मोठी शाबासकी मिळणं शक्य नव्हतं.

अखेर जोडी उभी राहिली. नवऱ्यानं पाणी सोडून बघितलं, गळत नव्हतं. ड्रायर गरम होत होता आणि फिरताना मांजरासारखा गुरगुरत होता. पिस्ता रंग असा उजळला होता की त्याच्यापुढे भिंतीच मळक्या दिसायला लागल्या. मॅडमचा जीव भांड्यात पडला. महिना संपायला अजून दोन दिवस होते, खरेखुरे दोन.

सासूबाईंना हाताला धरून आणलं. त्यांनी मान वाकडी करून कडेच्या नजरेनं दोन्ही मशीनं पाहिली आणि हसल्या. मग पुढे होऊन त्यांनी धुणाऱ्या मशीनवर हात ठेवला. हात पट्टीवरून सरकत डायलवर आला. बोटं डायलच्या कडेवरून फिरली, पुन्हा फिरली. आंगठा काहीतरी शोधत होता.

"खाच कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"भरली!" नवरा म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "दोन्ही डायलना कडेला तुटल्यासारखं झालं होतं. दातांचाच मसाला वापरला. रंग जुळवायला किती नमुने करावे लागले विचार! आता शोधून दाखव कुठं होती ती. मलाच सापडत नाही."

"आणि इथले थेंब?"

"ते डाग होते ना, आई," मॅडम म्हणाल्या. "मी काढले."

सासूबाई डायल धरूनच होत्या. "तुझे बाबा रात्रपाळीला असायचे," त्या मुलाला म्हणाल्या. "दिवसा पडदे ओढून झोपायचे, आणि मशीन त्याच खोलीत. दिवा लावायची सोय नव्हती. मी कानशीनं डायलला खाच पाडली होती आणि पट्टीवर नेलपेंटचे थेंब दिले होते. एक थेंब म्हणजे रोजचे कपडे, दोन म्हणजे नाजूक, तीन म्हणजे नुसतं पिळणं. खाच थेंबाशी आणायची आणि ओढायचं. सगळी वर्षं अंधारातच धुतले मी कपडे."

सासूबाईंनी डायलवरचा हात काढला. "छान झालंय हो पण," त्या म्हणाल्या. "विकत आणलं तेव्हासुद्धा इतकं छान नव्हतं." आणि भिंतीच्या आधारानं आपल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं कपाटाच्या वरची बॅग खाली ओढल्याचा आवाज आला.

मॅडमना आधी नवऱ्याचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग सगळ्यात जास्त सासूबाईंचा. इतके दिवस घरात गंज, रंग, पत्रे, ड्रम टेबलावर, आणि ह्या बाईनं एका शब्दानं सांगू नये? त्या तरातरा खोलीत गेल्या. सासूबाई घडी केलेल्या साड्या चाचपून बॅगेत रचत होत्या.

"सांगायचं नाही का?" मॅडम म्हणाल्या.

"सांगितलं होतं. माझ्या हाताला कळते म्हणून."

"ते आम्हाला वाटलं, आठवण म्हणून म्हणताय! प्रेमानं!"

"मशीनवर कसलं प्रेम?" सासूबाई खरंच चकित झाल्या. "कपडे धुवायचं मशीन आहे ते."

मॅडमना हसूही येईना आणि रडूही येईना. त्या पलंगावर बॅगेच्या शेजारी बसल्या. "मला तुम्ही इथं हव्या आहात," त्या म्हणाल्या. "स्पष्टच सांगते. मला एकटीला टाकून जाऊ नका. त्या माणसानं जेवणाच्या टेबलावर ड्रायर ठेवला होता, आई. मी कुणाकडे बघून डोळे फिरवू?"

"मला ते दिसत नाहीत तसेही."

"कळतात ना पण!"

सासूबाईंचा हात साडीवर थांबला. "त्या दिवशी तू माझी चादर काढलीस," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि काही बोलली नाहीस. इतकं जपून गप्प राहिलीस. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असतेस तर मला सोसलं असतं. घरातल्यांनी जपायला लागलं ना, की आपण पाहुणे होतो."

मॅडमनी मग त्यांना जे येत होतं ते केलं. त्या उठल्या आणि शिकाऊ माणसाला बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उठा. चला मशीनपाशी. थेंब कुठं होते ते दाखवा."

"मला काय आठवतंय? तुम्ही सगळं गुळगुळीत करून ठेवलंय."

"क्लच कुठं पकडतो, ते मी कुणाला तोंडानं सांगत नाही. पायाला विचार म्हणते. तुम्ही हाताला विचारा."

सासूबाई कुरकुरत आल्या. मशीनपुढे उभ्या राहून त्यांनी बोट पट्टीवर टेकवलं, उचललं, पुन्हा दुसरीकडे टेकवलं. मान वाकडी करून बघू लागल्या. नाही जमलं. "अर्धवट दिसतंय ना, ते मध्ये येतं," त्या वैतागून म्हणाल्या. "पडदे ओढा. दिवा घालवा तो."

भर दुपारी मागच्या खोलीत अंधार झाला. अंधारात थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मॅडमना पत्र्यावर नख वाजल्याचा आवाज आला, टक्, अगदी ठाम. "इथं एक," सासूबाई म्हणाल्या. मॅडमनी चाचपडत त्यांचं बोट धरलं आणि बोटाच्या टोकाशी येताना उचललेल्या आपल्या नेलपेंटचा लाल थेंब ठेवला. टक्. "इथं दोन." सासूबाईंचा आवाज आता बदलला होता, घाईची, कामाला उशीर होत असलेली बाई बोलत होती. टक्. "इथं तीन. आणि बाबा झोपलेत, हळू बोला," असं म्हणून त्या स्वतःशीच हसल्या.

दिवा लागला तेव्हा नवरा दारात उभा होता. मॅडमनी त्याच्यापुढे कानस धरली.

"खाच," त्या म्हणाल्या. "दोन्ही डायलना."

नवऱ्यानं डायलकडे पाहिलं. त्याचं सगळं काम त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं. "भरलेलं दिसतसुद्धा नाही गं," तो केविलवाणा होऊन म्हणाला.

"तेच तर! दिसतही नाही आणि लागतही नाही. पाडा."

त्यानं कानस घेतली. पहिल्या घासाला दुधी भुकटी त्याच्या शर्टावर पडली, तेव्हा त्यानं डोळे मिटले. सासूबाई शेजारी उभ्या राहून जागा दाखवत, आंगठ्यानं तपासत होत्या. "खोल. अजून खोल. दातकोरणी नकोय मला, खाच पाहिजे." खाच वाकडी झाली. नवरा ती सरळ करायला निघाला, तसा मॅडमनी त्याच्या हातातली कानस काढून घेतली.

थेंब वाळू दिले. मग सासूबाई खोलीत जाऊन एक भलं मोठं गाठोडं घेऊन आल्या, मागच्या खोलीत शिरल्या आणि दार लावून घेतलं.

मॅडम बाहेर उभ्या राहिल्या. आतून डायलचा आवाज येऊ लागला. कट् कट् कट् कट्. थांबला. आणखी एक कट्. मग शांतता. डायल पुढेच फिरतो, मागे फिरत नाही; एक घर पुढे गेलं की सबंध फेरा घ्यावा लागतो. गेलं की काय पुढे? मॅडमचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. आत जावं, नुसतं एकदा बघावं, एक घर मागे... मागे फिरतच नाही म्हटल्यावर काय बघणार! त्यांचा हात कडीवर गेला.

"कडीवरचा हात काढ," आतून आवाज आला. "मला कळतं."

मॅडमनी हात काढला. आत पुन्हा कट् कट् सुरू झालं, सबंध फेरा, सावकाश. मग डायल ओढल्याचा खट् आवाज आला आणि पाणी धो धो पडायला लागलं.

तिथं उभं राहणं अशक्य होतं, म्हणून मॅडम सासूबाईंच्या खोलीत गेल्या. बॅग पलंगावर उघडी पडली होती. आत काहीच नव्हतं. साड्या नाहीत, स्वेटर नाही, टॉवेल नाही. सकाळपर्यंत कपाटात इस्त्री करून ठेवलेलं, मघाशी बॅगेत रचलेलं सगळंच्या सगळं मशीनमध्ये गेलं होतं. मॅडम रिकाम्या बॅगेकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी नाक ओढलं, बॅग मिटली आणि कपाटावर पार मागे ढकलून दिली.

"धुतलेले कपडे परत धुतेय ही बाई!" त्या नवऱ्यावर ओरडल्या. पुष्कळ दिवसांनी आज त्या घरात ओरडत होत्या. "इस्त्रीचे! स्वेटरसकट! कोणत्या थेंबावर लावलंय देव जाणे!"

"जाऊन सांगू का?" नवरा म्हणाला.

"खबरदार," मॅडम म्हणाल्या, आणि पत्ते काढायला गेल्या.